फाटकाच्या आतला मुलगा आणि बाहेरचे आईबाप



'टाळेबंदी' हा शब्द मूळचा आम्हा कामगारांचा. मालकाने कारखान्याच्या फाटकाला कुलूप ठोकले आणि कामगाराला बाहेर ठेवले, की तिला टाळेबंदी म्हणावयाचे. मार्च २०२० मध्ये हाच शब्द साऱ्या देशाच्या तोंडी बसला. पण त्याचा अर्थ मात्र उलटा झाला. आमच्या टाळेबंदीत माणूस कुलपाच्या बाहेर असतो, या टाळेबंदीत तो आत होता.

ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे, त्या आईबापांच्या वाट्याला हे दोन्ही अर्थ एकदम आले. ते स्वतः आपल्या घरात कोंडलेले होते, आणि त्यांचा मुलगा ज्या फाटकाच्या आत होता त्या फाटकाच्या ते बाहेर होते. हा मुलगा म्हणजे लष्करी प्रबोधिनीत शिकणारा छात्र, ज्याला आपण इंग्रजी शब्दाने कॅडेट म्हणतो. पेण आणि रोहा या आपल्या दोन गावांत अशी घरे पुष्कळ नाहीत, पण आहेत. महाडकडे गेलो तर फौजी आंबवडे हे गाव घरोघरच्या शिपाईगिरीसाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्याकडे ती परंपरा तितकी जुनी नाही. आपल्याकडे मुलगा लष्करात अधिकारी होणार म्हटले की आळी गोळा होते. अशा तीन घरांत माझी ऊठबस आहे. त्यांची नावे मी सांगणार नाही. त्यांनी २०२० साल कसे काढले, आणि त्यातून आपण सर्वांनी काय शिकावे, एवढेच मला मांडावयाचे आहे.

साथ ओसरून वर्षे झाली, आता ते उकरून काय हशील, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की साथ जाते, पण साथीचा कायदा जात नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यासाठी १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला, आणि तोच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने पुन्हा हाती घेतला. म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा फाटके लागणार हे धरूनच चालावे. ती लागताना काय करावे आणि काय करू नये, हे आज निवांतपणी ठरवलेले बरे.

छात्र म्हणजे कोण

प्रथम ही व्यवस्था थोडी समजून घेऊ. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे रीतसर उद्घाटन झाले. तेथे भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी एकत्र शिकतात. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा द्यावयाची. ती वर्षातून दोनदा होते. त्यात उतरलेल्यांची पुढे कित्येक दिवस चालणारी निवड-मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी. आत गेल्यावर तीन वर्षांत सहा सत्रे. त्यानंतर भूदलाचा छात्र डेहराडूनला, नौदलाचा केरळात एळिमला येथे आणि वायुदलाचा हैदराबादजवळ दुंडिगलला जातो. तेथले शिक्षण संपले की खांद्यावर तारा लागतो आणि मुलगा अधिकारी होतो.

म्हणजे तारा लागेपर्यंतची सुमारे चार वर्षे हा मुलगा कोण असतो? तो शिस्तीने पुरता शिपाई असतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत हुकमावर चालतो. पण तो अजून सैन्यात दाखल झालेला नसतो. प्रवेशाच्या वेळी पालकाकडून असे लिहून घेतले जाई, की शिक्षणात मुलाला इजा झाली तर नुकसानभरपाईवर आपला हक्क राहणार नाही.

आमच्या धाटावच्या कारखान्यांत अशा माणसाला 'शिकाऊ उमेदवार' म्हणतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने तो कामगार नव्हे. तो यंत्रावर उभा राहतो, पाळी सांभाळतो, पण कामगारांच्या यादीत त्याचे नाव नसते. मात्र त्याच कायद्याने एक गोष्ट केली आहे: कामावर उमेदवाराला इजा झाली, तर मालकाने कामगाराप्रमाणेच त्याला भरपाई द्यावी. छात्राला हेही नव्हते. त्याला मिळे ती अनुग्रहाची रक्कम. अनुग्रह आणि हक्क यांतला फरक या सभेत मी सांगावयास नको.

अशा अधल्यामधल्या माणसाचे आईबापही अधलेमधले असतात. सैनिकाच्या कुटुंबाला पलटणीचा आधार असतो, कल्याण कार्यालय असते. विद्यार्थ्याच्या पालकाला शाळेत जाऊन गुरुजींना विचारता येते. छात्राच्या आईबापांना यांतले थोडे थोडे मिळते, पण पुरते काहीच नाही. सुखाच्या दिवसांत हे जाणवत नाही. साथीत ते जाणवले.

परीक्षेची तारीख

पहिले घर पेणचे. वडील गणपती करतात. पेणमध्ये हे वाक्य पुरे आहे, त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मुलगा प्रबोधिनीची परीक्षा देणार होता. परीक्षा १९ एप्रिल २०२० रोजी ठरली होती आणि वयाच्या अटीमुळे त्याला पुढे फार संधी उरल्या नव्हत्या. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली, ती त्याच मध्यरात्रीपासून लागू झाली. मग परीक्षा लांबणीवर पडली. किती लांबणीवर, हे प्रथम कोणालाच सांगता येईना.

त्या घरात तेव्हा दोन टांगलेली कामे होती. बापाच्या कारखान्यात अर्धवट मूर्ती, आणि मुलाच्या खोलीत अर्धवट अभ्यास. बाप मला म्हणाला, "भाऊ, माती वाळली तर पाणी मारता येतं. पोराचा उत्साह वाळला तर काय मारू?" मुलगा पहाटे उठून खारेपाटाच्या बांधावर धावावयास जाई. एकदा पोलिसांनी हटकले. परीक्षेसाठी धावतो म्हणाला, तर परीक्षा कधी आहे असे त्यांनी विचारले. याच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवसापासून तो गच्चीवर धावू लागला.

जुलैत सरकारने ठरवले की सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरगुती दोन फुटांची असावी. मोठ्या मूर्ती कारखान्यातच राहिल्या. परीक्षा अखेर ६ सप्टेंबरला, वर्षातल्या दोन्ही मिळून एकच, अशी झाली. २ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जाण्याचा ई-पास महाराष्ट्रात रद्द झाला होता, म्हणजे परीक्षेच्या आधी अवघे चार दिवस. बापाने मुलाला मोटारसायकलवर बसवून महामार्गाचे खड्डे चुकवीत मुंबईस नेले आणि केंद्राबाहेर झाडाखाली दिवसभर बसून राहिला.

मुलाची निवड झाली नाही. आज तो वडिलांच्या कारखान्यात मूर्तींची आखणी करतो, आणि उत्तम करतो. साथीने त्याची संधी घालवली असे मी म्हणणार नाही. त्या परीक्षेत लक्षावधी मुले बसतात आणि शेकड्यांनीच निवडली जातात. त्याच्या बापाचे म्हणणे एवढेच होते, की कित्येक आठवडे नुसते 'पुढे कळवू' या दोन शब्दांवर काढावे लागले.

ताम्हिणीच्या पलीकडे

दुसरे घर रोह्याचे, अष्टमीच्या बाजूचे. आई अंगणवाडी सेविका. मुलगा खडकवासल्याला. रोह्याहून कोलाडला यावे, ताम्हिणीचा घाट चढावा, मुळशीच्या कडेने उतरावे, की तीन-साडेतीन तासांत पुणे. तिला वाटे, मुलगा डोंगराच्या पलीकडे तर आहे. टाळेबंदीत जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या आणि तो डोंगर हिमालयाएवढा झाला.

महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले होते. ती रोज संध्याकाळी पुण्याचा आकडा ऐके. खडकवासला आणि पुणे शहर यांत अंतर आहे, प्रबोधिनीचे आवार हजारो एकरांचे आहे, आत डॉक्टर आहेत, इस्पितळ आहे, हे मी तिला समजावून सांगत असे. ती मान डोलवी आणि पुन्हा आकडा ऐके.

परंतु खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणतो, पण हसण्यासारखी नव्हे. एप्रिलमध्ये अंगणवाडी सेविकांना आणि आशा ताईंना घरोघर पाहणीचे काम लागले. कोणाला ताप आहे, कोण मुंबईहून आले आहे, याची नोंद करावयाची. मुंबईचे चाकरमानी तेव्हा महामार्गाने पायी चालत पेण, वडखळ, नागोठणे करीत कोकणात उतरत होते. ही बाई तोंडाला पदर आणि वर एक कापडी मुखपट्टी बांधून त्यांच्या दारात उभी राही. मुलाचा फोन आला की तोच आईला उपदेश करी, "आई, तू घराबाहेर पडू नको." आणि ती म्हणे, "बाळा, तुला हुकूम आहे तसा मलाही हुकूम आहे."

सैनिकाच्या आईने मुलाची काळजी करावी, ही जगाची रीत. येथे ती उलटली. फाटकाच्या आत मुलगा वेळेवर जेवत होता, त्याचा ताप रोज पाहिला जात होता. आणि धोक्याच्या तोंडाशी उभी होती ती त्याची आई, मानधनावर, कामगाराचा दर्जा नसताना. मुलाला ते कळत होते. त्याला रात्री झोप लागत नसे, असे त्याने आईला पुढे वर्षभराने सांगितले. म्हणजे पालकांची काळजी ही या गोष्टीची एकच बाजू आहे. आतल्या मुलांना बाहेरची बातमी लागते, आणि ती मिळाली नाही तर कवायतीत पाय पडत असतो पण मन घरी असते.

फाटक का लावले

आता न्यायाची गोष्ट. प्रबोधिनींनी फाटके लावली ती लहरीने नव्हे. छावणी आणि साथ यांचे वैर जुने आहे. एकाच भोजनगृहात शेकडो मुले जेवतात, एकाच निवासात झोपतात, एकाच मैदानावर घाम गाळतात. एकाला लागले की सर्वांना लागते. १९१८ चा इन्फ्लुएंझा पहिल्या महायुद्धातल्या छावण्यांतून आणि सैनिकांच्या बोटींतून जगभर पसरला. हिंदुस्थानात तो त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि पुढे कोट्यवधी माणसे गेली असा अंदाज आहे. २०२० मध्येही 'थिओडोर रूझवेल्ट' या अमेरिकन युद्धनौकेवर एका वेळी हजाराहून अधिक खलाशांना लागण झाली. तेव्हा बाहेरच्याला आत घ्यावयाचे नाही आणि आतल्याला बाहेर सोडावयाचे नाही, हा हुकूम आईबापांच्याही हिताचा होता. मी भेटलेल्या एकाही पालकाने फाटक का लावले अशी तक्रार केली नाही.

पण फाटक लावले म्हणजे काम झाले असे नव्हे. अमेरिकेचेच उदाहरण घ्या. कोलोरॅडो राज्यात त्यांची वायुसेना प्रबोधिनी आहे. मार्च २०२० मध्ये तिने खालच्या तीन वर्गांना घरी पाठवले आणि शेवटच्या वर्षाचे सुमारे हजार छात्र आत ठेवले. एका खोलीत एक, अंतराचे कडक नियम, जेवणही खोलीवर. हेतू चांगला होता. महिन्याच्या अखेरीस अवघ्या दोन-तीन दिवसांच्या अंतराने तेथल्या दोन छात्रांनी आत्महत्या केली. माणसाच्या मनाचे हिशेब एका कारणाने सुटत नाहीत, म्हणून त्या मृत्यूंचे कारण एकांतच होता असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर तेथल्या प्रमुखांनी नियम सैल केले, मुलांना एकमेकांना भेटण्यास, बाहेर पडून मोकळा श्वास घेण्यास वाव दिला, हे मात्र खरे. १८ एप्रिलला, ठरल्या वेळेआधी, त्यांचा पदवीदान समारंभ झाला. मुले आठ-आठ फुटांवर बसली होती आणि आईबाप एकही नव्हता.

यावरून दिसते ते असे: रोगापासून राखणे आणि माणसाला एकटे पाडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली डॉक्टर सांगतो. दुसरी आपल्या हातून नकळत घडते.

खांद्यावरचा तारा

तिसरे घर धाटावच्या एका फिटरचे. घर रोह्याबाहेर एका वाडीत. मुलगा डेहराडूनच्या भारतीय सैन्य प्रबोधिनीत शेवटच्या सत्राला. ही संस्था १९३२ सालची. तेथली रीत अशी, की दीक्षान्त संचलन झाल्यावर आईबापांनी मुलाच्या खांद्यावर तारा लावावयाचा. चार वर्षे ज्या पोरावर सरकारचा हुकूम चालला, त्याच्या खांद्याला त्या क्षणी आईचा हात लागतो. या घराने त्या क्षणासाठी दोन वर्षांपासून पैसे बाजूला टाकले होते. रोह्याहून मुंबई, मुंबईहून डेहराडून अशी आगगाडीची तिकिटे काढली होती. बाईंनी लुगडे घेतले होते आणि या गृहस्थाने आयुष्यातला पहिला कोट शिवावयास टाकला होता. रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. ती हा माणूस लहानपणापासून पाहत आलेला. तो म्हणे, "आता माझा पोरगा मानवंदना देईल आणि घेईलही."

मार्चमध्ये गाड्या थांबल्या. मे महिन्यात खडकवासल्याची तुकडी पालकांविना आणि नेहमीच्या थाटाविना बाहेर पडली, तेव्हाच या घराला उमगले. पुढे कळले की १३ जूनचे डेहराडूनचे संचलनही आईबापांविना होणार.

तेवढ्यात ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. त्याचे वर्णन रायगडात मी कशाला करू? पत्रे उडाले, माड आणि आंबे मुळासकट आडवे झाले, विजेचे खांब रांगेने झोपले. वीज गेली, पाठोपाठ फोनही गेले. आता डेहराडूनला उलटा आकांत सुरू झाला. मुलगा रोज फोन लावी, लागत नसे. वर्तमानपत्रात रायगडचे फोटो येत होते. घर उभे आहे की नाही, हे त्याला कळेना.

सहाव्या दिवशी धाटावहून एक टँकर निघाला. बाईंनी एका कागदावर मुलाचा नंबर आणि चार ओळी लिहून चालकाजवळ दिल्या. त्याने पनवेलच्या पुढे गाडी बाजूला घेऊन फोन लावला आणि कागद जसाच्या तसा वाचून दाखवला: दोघे बरे आहेत, कौले गेली, आंबा पडला, पण घरावर नाही, तू कवायतीकडे लक्ष दे. चालकाने मला पुढे सांगितले, "साहेब, पलीकडून काही आवाजच येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग पोरगा म्हणाला, काका, पुन्हा एकदा वाचा."

१३ जूनला त्या वाडीत वीज नव्हती. एका घरातल्या इन्व्हर्टरवर फोन चार्ज केला, आणि टेकाडावर जेथे थोडी रेंज येई तेथे छत्री उघडून दोघे बसले. संचलनाचे थेट प्रक्षेपण होते. चित्र अडकत होते, पुन्हा चालू होत होते. त्या दिवशी ४२३ छात्र बाहेर पडले. त्यांपैकी ३३३ आपल्या देशाचे आणि ९० मित्रदेशांचे. तोंडाला मुखपट्ट्या, रांगांतले अंतर वाढवलेले. मानवंदना घेण्यास लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे, म्हणजे आपल्या पुण्याचेच. सगळ्यांची तोंडे झाकलेली. आपला कोणता हे आईला शेवटपर्यंत कळले नाही. तारे संस्थेतल्या अधिकाऱ्यांनी लावले. अमेरिकेत वेस्ट पॉइंटलाही नेमका त्याच दिवशी असाच समारंभ झाला. तेथल्या सुमारे अकराशे छात्रांचे आईबापही घरी बसूनच पाहत होते.

नव्या अधिकाऱ्यांना एरवी मिळते ती घरची रजाही त्या वेळी मिळाली नाही. ते परस्पर पलटणींकडे गेले. आणि दोनच दिवसांनी, १५ जूनच्या रात्री, गलवान खोऱ्यात आपले २० जवान पडले. टेकाडावर छत्रीत बसलेल्या त्या आईने ती बातमी ऐकली तेव्हा आपला मुलगा त्या वेळी कोठल्या गाडीत आहे हेही तिला ठाऊक नव्हते. काळजीचे चाक पुन्हा पूर्वीच्या दिशेने फिरू लागले. तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तारा मी लावला असता तर निदान खांद्याला हात लागला असता."

'आज काही नाही'

आता मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, आणि मग मुद्द्यावर येतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात, त्याचे नाव नको, आमच्यावर टाळेबंदी आली. ती अडीच महिने चालली. पहिल्या पंधरवड्यात आमची माणसे उपासाने नव्हे, अफवांनी खचली. कोणी म्हणे यंत्रे गुजरातला निघाली, कोणी म्हणे पुढारी विकले गेले. तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हांला सांगितले, की रोज संध्याकाळी पाच वाजता फाटकावर उभे राहा आणि काय घडले ते सांगा. मी विचारले, "काही घडलेच नाही तर?" तो म्हणाला, "तर 'आज काही नाही' असे सांगा. पण पाच वाजताच सांगा." आम्ही तसे केले. बहुतेक दिवशी 'आज काही नाही' एवढेच सांगावयाचे असे. पण ते ऐकण्यासाठी माणसे येत, आणि ऐकून शांतपणे घरी जात. अफवा मेल्या. त्या दोन महिन्यांत मला कळले, की 'आज काही नाही' हीसुद्धा बातमी आहे. आणि बांधलेल्या माणसाला भाकरीच्या खालोखाल तिची गरज असते.

आमच्या कायद्यात मालकाने टाळेबंदीची चौदा दिवसांची नोटीस द्यावी असे होते. साथ चौदा दिवस थांबत नाही, हे मला मान्य आहे. चार तासांत देश बंद करावा की नाही यावर येथे वाद घालत नाही. परंतु नोटीस म्हणजे नुसती मुदत नव्हे. नोटिशीत तीन गोष्टी असतात: का, कधीपासून आणि पुढे कोणाशी बोलावयाचे. ज्याला बांधले त्याला या तीन गोष्टी कळाव्यात, हे साथीतही करता येते. त्यास पैसा लागत नाही.

एका निवासी लष्करी शाळेतल्या मुलाच्या बापाला, नाव त्याचेही नको, मार्चमध्ये रात्री फोन आला, की उद्या दुपारपर्यंत मुलाला घेऊन जा. कारण सांगितले नाही, परत कधी आणावयाचा हे सांगितले नाही, आणि उलट फोन केला तर कोणी उचलला नाही. त्या बापाला सर्वांत जास्त राग कशाचा आला? मुलाला घरी पाठवले याचा नव्हे. आपल्याला विचारण्यासारखे कोणी उरले नाही, याचा.

या तीन-चार घरांच्या म्हणण्याचा मथितार्थ काढला तर माझ्या मते चार मागण्या निघतात. संघटनेच्या माणसाला मागण्यांशिवाय बोलता येत नाही, त्याची क्षमा असावी. एक, बंधन घालताना त्याचे कारण सांगावे. दोन, त्याची मुदत सांगावी, आणि मुदत ठरत नसेल तर पुन्हा विचार कोणत्या तारखेला होणार ते सांगावे. तीन, ठरल्या वारी ठरल्या वेळी आतून बाहेर आणि बाहेरून आत बातमी जावी. काही नसेल तर 'काही नाही' अशी जावी. चार, पालकाला प्रश्न विचारता येईल असा एक जबाबदार माणूस नेमलेला असावा. यांत शिस्तीला बाध येईल असे काही नाही. उलट शिस्त टिकते ती यावरच. हुकूम मोडण्याची बुद्धी बहुधा अंधारात सुचते.

आणि ही गोष्ट केवळ प्रबोधिनींना लागू आहे असे समजून आपण सुटू नये. वसतिगृह, इस्पितळ, तुरुंग, वृद्धाश्रम, जेथे जेथे फाटक आहे तेथे आत कोणाचा तरी मुलगा आणि बाहेर कोणाची तरी आई आहे.

छात्राच्या अधल्यामधल्या दर्जाचे मी आरंभी बोललो. तो प्रश्न पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिक्षणात जखमी होऊन कायमचे अपंगत्व आलेल्या आणि त्यामुळे बाहेर काढलेल्या छात्रांची हकीकत न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून हाती घेतली, आणि त्याच महिन्यात सरकारने माजी सैनिकांची वैद्यकीय योजना त्यांना लागू केली. उमेदवाराला १९६१ साली जी भरपाई मिळाली ती त्या वेळी छात्राला हक्क म्हणून मिळाली नाही, पण एक पाऊल पडले. आणि आता हे केवळ मुलग्यांच्या आईबापांचे राहिलेले नाही. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या वेळी मैदानावर त्यांचे आईबाप होते. उद्या पेणची किंवा रोह्याची एखादी मुलगी तेथे जाईल, आणि पुन्हा कधी साथ आली तर तिच्याही आईला फाटकाबाहेर उभे राहावे लागेल. तिला निदान पाच वाजताचा निरोप मिळावा.

त्या फिटरचा मुलगा पुढच्या वर्षी रजेवर घरी आला. बापाचा कोट शिंप्याकडून आणून ठेवलेला होता. मुलाने गणवेश चढवला, खांद्यावरचा तारा काढला आणि आईच्या हातात दिला. मी तेथे होतो. तिच्याने तो नीट लागेना, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बापाने धरला आणि तिने लावला. मग सगळ्यांनी चहा घेतला आणि पडलेल्या आंब्याच्या जागी नवे कलम कोठले लावावे यावर बोलणे सुरू झाले.